चार इंच वर

१ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ.

गाडी आली. पोर्चमध्ये उभी आहे. हिला गाडी म्हणायचं की गोठा, हे अजून ठरलेलं नाही.

सासरे जनावरांचे डॉक्टर. उभा जन्म ही फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप घेऊन डोंगरातल्या वस्त्यांवर फिरले. मागच्या हौद्यातून वासरं नेली, शेळ्या नेल्या, एकदा म्हणे एक गाढव नेलं. त्या सगळ्यांनी गाडीत आपापली आठवण मागे ठेवली आहे. बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचा संसार. कापूस, सुतळी, लेंड्या, आणि घरमालक स्वतः, वाळलेले. साबणाने हात धुतले, मग डेटॉलने धुतले, मग पुन्हा साबणाने. वास जात नाही. जेवलो नाही.

गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे सासरे गेल्या वर्षी डोंगरावरचं घर सोडून आमच्याकडे आले. ते घर आता विकलं. ३० मार्चला नव्या मालकाला किल्ली द्यायची आहे. त्याआधी एकदा आपल्या गाडीतून वर जायचं, आपल्या हाताने घराला कुलूप लावायचं आणि खाली यायचं, एवढीच सासऱ्यांची इच्छा. मला म्हणाले, गाडी तेवढी चालती करून द्या.

चालती. फक्त चालती. ज्या माणसाने पर्चेस डिपार्टमेंटमध्ये उमेदीची वर्षं घातली, ज्याला बाजारात कोणी फसवू शकत नाही, त्याच्याकडून अपेक्षा काय, तर चालती. मी मनाशी ठरवलं आहे की गाडी नुसती चालणार नाही. डोंगर तिला घाबरेल.

गाडी टोचन लावून आणली. टोचनवाला म्हणत होता, वरून खाली यायला काहीच त्रास झाला नाही. कुशल माणूस असावा.

२ फेब्रुवारी, रविवार.

गाडी धुतली. पाणी आधी काळं, मग हिरवं, मग एका रंगाचं, ज्याला मला नाव द्यायचं नाही. सीटखाली इंजेक्शनच्या सुया, सुतळी, एक शिंग. शिंग कोणाचं, असं सासऱ्यांना विचारलं. त्यांनी हातात घेऊन पाहिलं आणि ओळखीचं माणूस भेटावं तसे खूश झाले. मग ती म्हैस, तिचा मालक, मालकाची सून असं बरंच काही सांगितलं. मी ओकारी दाबून ऐकलं.

दुपारी बायको म्हणाली, वर जायचा रस्ता आता पहिल्यासारखा... तेवढ्यात नळाचा पाइप सुटला आणि सगळं पाणी माझ्या अंगावर. तिचं वाक्य राहून गेलं. रस्ता पहिल्यासारखाच वाईट असणार, त्यात सांगायचं काय.

५ फेब्रुवारी, बुधवार.

मिस्त्री येऊन गेला. चौकातलं गॅरेज त्याचं. हा माणूस सतत काहीतरी चघळत असतो आणि बोलताना ते गाडीवर उडतं. त्याने इंजिनावर कान ठेवला, खाली सरपटून आला, वर येऊन माझ्या नव्या फडक्याला हात पुसले. म्हणाला, ब्रेकचे पाइप बदलू, रेडिएटर साफ करू, बॅटरी नवी टाकू. आठवड्यात देतो.

मी विचारलं, आणि बाकी?

"बाकी ठणठणीत आहे, साहेब. बाकी कशालाही हात लावू नका."

महत्त्वाकांक्षेचा इतका अभाव मी क्वचित पाहिला आहे. अशाच लोकांमुळे माणूस आहे तिथेच राहतो. सासरे मात्र खुर्चीतून मान डोलवत होते. दोघांची चहा पिता पिता गट्टी जमली. मिस्त्री म्हणे आठवड्यात देतो. हा आठवड्यात देणार आणि मी मार्चपर्यंत काय करणार?

बायकोने ब्रेकचं काम लगेच सांगून टाकलं. मला न विचारता.

८ फेब्रुवारी, शनिवार.

ऑफ-रोडिंगच्या ग्रुपमध्ये मला घेतलं. ग्रुपचं नाव 'चिखलवीर'. अ‍ॅडमिनला सगळे कर्नल म्हणतात. सैन्यात तो कधीच नव्हता, पण मिशा आहेत. मी गाडीचा फोटो टाकला. अर्ध्या तासात कर्नलचा उलट मेसेज आला. म्हणाला, बेस चांगला आहे, पण या उंचीवर तुम्ही फार तर किराणा आणायला जाल.

किराणा हा शब्द लागला.

मग त्याने फोनवर तासभर समजावलं. सस्पेन्शन चार इंचांनी उचलायचं, म्हणजे लिफ्ट किट. मग मोठे टायर. पुढे विंच, म्हणजे गाडी अडकली तर मोटरवर तार गुंडाळत स्वतःलाच ओढून बाहेर काढते. टपावर कॅरिअर, त्यावर दिव्यांची पट्टी. योगायोग असा, की हे सगळं एकाच दुकानात मिळतं आणि ते दुकान कर्नलचंच आहे. धावाधाव वाचली. पर्चेसच्या माणसाला अशा संधी बरोबर हेरता येतात.

१६ फेब्रुवारी, रविवार.

ब्रेक झाले. गाडी चालते. सासऱ्यांनी काठी बाजूला ठेवली, दाराचा दांडा धरला आणि एका दमात चढून ड्रायव्हरच्या जागी बसले. कॉलनीला दोन फेऱ्या मारल्या. गिअर असे टाकत होते की आवाज नाही. प्रत्येक वळणावर हॉर्न. तो हॉर्न म्हणजे सर्दी झालेल्या रेड्याचा आवाज. लोक गॅलरीत आले. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

खाली उतरून म्हणाले, "झालं की काम. आता कधीही जाऊ."

मी त्यांना शांतपणे सांगितलं की काम आता सुरू होतंय. त्यांनी काठी उचलली. बायकोचा चेहरा आंबट झाला होता. कलेची कदर घरात होत नसते.

निश्चय: हॉर्न बदलायचा. तीन सुरांचा आणायचा.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

जुनी सीट काढली. अखंड लांबलचक बाकडं. सासऱ्यांच्या बैठकीचा खड्डा त्यात कायमचा पडलेला. फोम फाटलेला, आत मुंग्या, आणि जो वास येतो तो शब्दांत लिहिता येण्यासारखा नाही. भर दुपारी ऊन लागलं की एक आजारी शेळी अजून सीटमध्येच आहे असं वाटतं. भंगारवाल्याला दिली.

नव्या दोन सीटा बसवल्या. रेसिंगच्या. काळ्या, लाल शिलाईच्या, दोन्ही बाजूंनी माणसाला गच्च धरणाऱ्या. मी बसलो. जरा कमरेला अडकते. वजन कमी करायला हवं, ते एरवीही ठरलेलंच होतं. उद्यापासून सकाळी चालणार.

संध्याकाळी पाहतो तर भंगारवाला सीट परत आणून देत होता. सासऱ्यांनी कोपऱ्यापर्यंत काठी टेकत जाऊन त्याला गाठलं होतं. आता ती सीट आमच्या व्हरांड्यात. सासरे तिच्यावर बसून पेपर वाचतात आणि गाडीकडे बघत राहतात. घरात शिरायचं तर शेळीवरून जावं लागतं.

२० फेब्रुवारी.

पाऊल जड वाटत होतं. चाललो नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार.

मिस्त्री कोणाच्या तरी लग्नाला गावी गेला आहे. त्याची गरज मला आता तशी उरलेलीही नाही. चाकांची सजावट मीच केली.

पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक गंजकी गोल चकती होती. चकतीवर एक फिरवायची खुंटी. बाजूला काही अक्षरं, झिजलेली. मागच्या चाकांना असलं काही नाही. म्हणजे कोणीतरी मागाहून हौसेने बसवलेली. इकडे फिरवून पाहिली, तिकडे फिरवून पाहिली. इंजिन चालू करून पाहिलं. काही म्हणजे काही फरक पडला नाही. निरुपयोगी.

बोल्ट काढले. आतून ग्रीसचा काळा लोंढा, उन्हाळ्यात वितळलेल्या मलमासारखा, थेट बाहीत. किळस आली तरी काम सोडलं नाही. दात-बित असलेलं बरंच लोखंड निघालं. सगळं बिस्किटांच्या डब्यात टाकून डबा स्वयंपाकघराच्या खालच्या कप्प्यात सारला. त्या जागी चकचकीत स्टीलच्या टोप्या बसवल्या. देखणं रूप आलं. फोटो ग्रुपवर टाकला. कर्नलने अंगठा दाखवला.

हे सगळं चाललं होतं तेव्हा सासरे आत टीव्ही लावून बसले होते. आवाज इतका की मालिकेतल्या सुनेचं रडणं मला गाडीखाली ऐकू येत होतं. विसाव्याच्या दिवशी तरी माणसाला शांतता हवी.

मी आता अर्धा मेकॅनिक आहे, असं म्हणायला हरकत नाही.

२ मार्च, रविवार.

लिफ्ट किट बसलं. कर्नलच्या माणसांनी बसवलं. मोठे टायर लागले. टपावर कॅरिअर, दिव्यांची पट्टी, पुढे विंच. मी लांब उभं राहून पाहिलं. छाती भरून आली.

घरी आणली. पोर्चमध्ये जात नाही. कॅरिअर स्लॅबला लागतं. पोर्च बांधणाऱ्याने दूरचा विचार केला नव्हता, हे उघड आहे. गाडी आता रस्त्यावर झाडाखाली उभी करतो.

सासरे व्हरांड्यातून म्हणाले, गाडी कुठे आहे? मी म्हटलं, समोर तर आहे. बराच वेळ बघत राहिले. मग पेपर वर धरला.

४ मार्च, मंगळवार.

झाडावर बगळे राहतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गाडीवर जे आहे ते पाण्याने निघत नाही. खरवडून काढावं लागतं. खरवडताना एक ताजं, नेमकं कॉलरच्या आत. पुन्हा आंघोळ. ऑफिसला उशीर. साहेबांनी कारण विचारलं. मी कारण सांगितलं. ते एक पाऊल मागे सरकले.

५ मार्च, बुधवार.

तीन सुरांचा हॉर्न आला. उघडला तर सायकलचा. रबरी फुगा दाबायचा. पोंग. परत पाठवला. जुना रेडा तूर्त राहू दे.

९ मार्च, रविवार.

आज वाईट दिवस.

सासऱ्यांना म्हटलं, चला, चक्कर मारू. गाडी दाखवतो. ते कपडे बदलून आले. चांगला शर्ट घातला होता. दाराशी उभे राहिले आणि वर पाहिलं. पायरी त्यांच्या मांडीला लागत होती. दांडा धरला. पाय उचलला. अर्ध्यात थांबला. पुन्हा उचलला. मी मागून आधार द्यायला गेलो तर माझ्या हाताला लागला त्यांचा शर्ट, आणि शर्टात ते घसरायला लागले. बायको धावत आली. तिने मला बाजूला केलं. ज्या पद्धतीने केलं ती पद्धत मला आवडली नाही.

मी स्टूल आणलं. स्टूल डुगडुगलं. फोल्डिंगची शिडी आणली. सासरे शिडीकडे पाहून म्हणाले, "मी गाडीत बसायला आलोय, माळ्यावरून भांडी काढायला नाही."

विंचच्या तारेला पट्टा लावून वर घेण्याची कल्पना मी नुसती बोलून दाखवली. बायको म्हणाली, माझ्या बापाला तारेने उचलणार? मी म्हटलं, विंचची क्षमता भरपूर आहे, त्यांच्या वजनाचा प्रश्नच नाही. तिने हात टेकले.

सासरे व्हरांड्यात जाऊन आपल्या सीटवर बसले. थोड्या वेळाने, कोणाकडे न बघता म्हणाले, "ही माझी गाडी नाही."

मी याचा शांत डोक्याने विचार केला आहे. गाडीत दोष नाही. दोष गुडघ्यात आहे. गुडघे व्यायामाने सुधारतात. पाय रोज किती वेळा किती वर उचलायचा, याचा तक्ता करून त्यांच्या उशाशी लावला. वीस दिवस आहेत. जमेल.

१० मार्च.

तक्ता उशाशी नाही. सासऱ्यांनी त्याची घडी करून पंख्याच्या बाजूची खिडकी वाजू नये म्हणून फटीत लावली आहे. खिडकी वाजायची थांबली, हे मान्य.

१५ मार्च, शनिवार.

हायवेवर नेली. जरा वेग घेतला की स्टिअरिंग थरथरतं, मग सीट थरथरते, मग कवळी असती तर पडली असती. मिस्त्रीला दाखवली. तो गाडीभोवती एक फेरी फिरला आणि काहीतरी चघळत नुसता उभा राहिला. म्हणाला, साहेब, आजोबांना दाखवली का? मी म्हटलं, दाखवली. म्हणाला, काय म्हणाले? मी विषय बदलला.

त्याने पुढच्या चाकांच्या टोप्या पाहिल्या असत्या तर कौतुकाचे दोन शब्द बोलला असता, पण चाकांवर तेव्हा बगळ्यांचं काम वाळलेलं होतं आणि त्याने नाक दाबलं होतं. माझ्याच गाडीपाशी उभा राहून असंही म्हणाला की धुऊन आणा. ज्याचे स्वतःचे हात आयुष्यात धुतलेले नाहीत तो.

२१ मार्च, शुक्रवार.

फोर-व्हीलचा दांडा ओढून पाहिला. खटकन पडतो. डॅशबोर्डवर हिरवा दिवाही लागतो. दिवा लागतो म्हणजे सगळं व्यवस्थित आहे.

बायको रात्री म्हणाली, बाबांना मी माझ्या गाडीतून नेते. मी हसलो. तिची गाडी म्हणजे साबणदाणी. पोटाखाली मांजर गेलं तर अडकेल. तिने रस्त्याचा विषय काढला. मी तिला सांगितलं, रस्त्याचं मला शिकवू नकोस, तिथला ओढा, चढ, मुरूम हे सगळं मी लग्नाच्या वर्षी पाहिलेलं आहे. ती म्हणाली, हो, लग्नाच्याच वर्षी. आणि दिवा घालवला.

निश्चय: साबणदाणीमागून मी माझी गाडी घेऊन जाणार. ती ओढ्यात अडकेल. मग मी शांतपणे उतरीन, एक शब्द न बोलता विंचची तार लावीन. एक शब्दही बोलायचा नाही. तोंडावर फक्त किंचित हसू.

२८ मार्च, शुक्रवार.

उद्या. भगव्या रंगाचा नवा टोइंग पट्टा पाकिटासकट घेतला आहे. फावडं, बूट, कोरडे मोजे. विंचचा रिमोट पॉलिश करून ठेवला. सासऱ्यांनी जुनी पितळी किल्ली लिंबाने घासून चकचकीत केली. माझ्याशी बोलले नाहीत, पण रागावलेही नव्हते. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

२९ मार्च, शनिवार. सकाळ.

निघालो. पुढे साबणदाणी. सासरे पुढच्या सीटवर, काठी पायांत. बायकोने आरशातून मला हात केला. बायको वाटते तितकी वाईट नाही.

साडेदहा. गाडीतून.

घाटाच्या पायथ्याशी आलो. काँक्रीटचा रस्ता. थेट वरपर्यंत. गुळगुळीत, दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे. ओढ्यावर पूल. पुलाला कठडा. टोचनवाल्याला त्रास का झाला नाही, ते कळलं.

बायकोने गाडी थांबवून खिडकीतून विचारलं, येताय ना? मी विचारलं, हा रस्ता कधी झाला? म्हणाली, दोन वर्षं झाली, किती वेळा सांगायला घेतलं.

किळस येते अशा विकासाची. डोंगराला सिमेंट फासलं आहे. मी तिला म्हटलं, तू हो पुढे, मी जुन्या वाटेने येतो. जुनी वाट रस्त्याच्या खालून जाते, ओढ्यातून. खऱ्या माणसांची वाट. फोर-व्हीलचा दांडा टाकला. दिवा लागला. उतरतो.

अकरा. गाडीतून.

अडकलो.

ओढ्याच्या कडेला जनावरं पाणी प्यायला उतरतात. तिथे चिखल आहे. चिखल म्हणतोय ते सभ्यपणाने. त्यात माती कमी आहे. मागची दोन चाकं गरागरा फिरतात आणि ते सगळं मागे कारंज्यासारखं उडवतात. पुढची दोन चाकं शांत आहेत. ध्यानाला बसल्यासारखी. दिवा मात्र लागलेला आहे. हिरवा.

बघायला उतरलो. उजवा बूट आत राहिला. तो शोधताना मोजा गेला. मग हात घातला. हात का घातला, हे मला विचारू नये.

पुलावरून साबणदाणी वर गेली. बायकोने हॉर्न वाजवला. तिला वाटलं मी मजेत आहे. मी हात हलवला. हातावरचं कपाळावर उडालं.

सव्वा अकरा.

विंच. विंचचा रिमोट स्वयंपाकघराच्या ओट्यावर आहे. पॉलिश केलेला.

साडेअकरा.

ग्रुपवर लोकेशन टाकलं. कर्नलचा मेसेज: जबरदस्त, भाऊ, फोटो टाका.

बारा.

गाडी हळूहळू बसते आहे. मोठे टायर निम्मे दिसेनासे झाले. माशा. एक म्हैस समोर येऊन उभी आहे. ती माझी जागा मागते आहे.

दीड.

वर घराच्या व्हरांड्यात दोन ठिपके. एक बसलेला, एक उभा. मग बसलेला उठला, दाराशी गेला. बराच वेळ पाठमोरा उभा होता. कुलूप लावत असणार. इथून ऐकू येत नाही. मी उगाच घड्याळात पाहिलं.

मी गाडी तशीच ठेवली असती तर ते दाराशी या गाडीतून गेले असते. हे वाक्य खोडावं म्हणतो. राहू दे.

संध्याकाळ. घरी. तीनदा आंघोळ करून.

दुपारी उतरताना त्यांनी मला पाहिलं. साबणदाणी पुलाशी थांबली. बायको कठड्यापाशी उभी राहून माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने पदराने तोंड झाकलं. वासाने की हसू आलं म्हणून, ते मी विचारलं नाही.

सासरे काठी टेकत, तिचा खांदा धरत, कोरड्या कडेने खाली आले. कुठेही पाय घसरला नाही. या चिखलाशी त्यांची जुनी ओळख आहे. पुढच्या चाकाचा जेवढा भाग वर होता तेवढ्याकडे त्यांनी पाहिलं. वाकले. स्टीलच्या टोपीवर बोटाने टिचकी मारली.

"हब कुठे आहेत?"

मी विचारलं, कसले हब. त्या गंजक्या चकत्या म्हणत असाल तर त्या बिस्किटांच्या डब्यात आहेत, असंही सांगितलं. त्यांनी समजावून सांगितलं, रागावून नाही, दगावलेल्या जनावराच्या मालकाला सांगावं तसं. फोर-व्हीलवर जायचं तर आधी खाली उतरून ती खुंटी हाताने फिरवायची, दोन्ही चाकांची. तेव्हा कुठे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत जाते. आतला दांडा आणि दिवा काहीही म्हणोत. "तुम्ही फोर-व्हील काढून डब्यात भरलंत आणि टोप्या लावल्यात," ते म्हणाले. महिनाभर मी ज्या गाडीवर एवढं सगळं चढवलं, ती किराण्याचीच गाडी होती. किराण्याला जाणारी, फक्त उंच.

मी तोंड उघडलं की माशा जात होत्या.

सासरे दाराशी गेले. गाडी खोल बसली होती. पायरी चिखलाला टेकली होती. त्यांनी दांडा धरला, पाय उचलला आणि एका दमात आत जाऊन ड्रायव्हरच्या जागी बसले. फेब्रुवारीत बसले होते तसेच. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. वर घराकडे पाहिलं.

"आता बरोबर झाली उंची," म्हणाले.

बायको त्यांच्या शेजारी जाऊन बसली. चांगली साडी, तशीच. मी बाहेर, एक पाय बुटात, एक नुसता. सासऱ्यांनी खाकरून घसा साफ केला. मग हॉर्न दाबला. जुना. तो एकच माझ्या तावडीतून सुटला होता. लांबलचक, सर्दी झालेला, अख्ख्या दरीत घुमला. म्हशीने मान वर केली.

वस्तीवर आधी एक कुत्रं भुंकलं. मग बाईचा आवाज आला, डॉक्टर आले. मग अजून कोणीतरी तेच ओरडलं. थोड्या वेळाने माणसं दोर घेऊन उताराने खाली येताना दिसली, एक ट्रॅक्टरही फटफटत निघाला. सगळ्यांत पुढे एक म्हातारा होता. तो जवळ येऊन थबकला. दिव्यांच्या पट्टीकडे, विंचकडे, कॅरिअरकडे, माझ्याकडे बघून झालं. मग खिडकीशी जाऊन म्हणाला, "हॉर्न तर डॉक्टरांचा ऐकला. ही गाडी कुणाची?"

सासरे म्हणाले, "माझीच आहे. जरा आजारी आहे."

३० मार्च, रविवार.

सकाळी किल्ली दिली. नव्या मालकाने घेतली आणि खिशात टाकली, एवढंच. सासरे परत येऊन व्हरांड्यात आपल्या सीटवर बसले.

गाडी मिस्त्रीकडे आहे. तो म्हणाला, चार इंच खाली घ्यायला, वर चढवायला लागले त्यापेक्षा जास्त दिवस लागतील. चघळत होता. मी मान डोलावली. कर्नलला फोन केला, सामान परत घेणार का. त्याच्याकडे रेंज नव्हती. ग्रुपवर मात्र होता.

दुपारी बिस्किटांचा डबा खालच्या कप्प्यातून काढून सासऱ्यांसमोर ठेवला. त्यांनी जुना पेपर पसरला, रॉकेल मागवलं आणि हबचा एकेक भाग काढून ब्रशने घासायला घेतला. गंज जात होता. झिजलेली अक्षरं दिसायला लागली. एका बाजूला 'फ्री', दुसऱ्या बाजूला 'लॉक'.

मी जवळ बसलो. शेळीच्या सीटवर, त्यांच्या शेजारी. विचारलं, मी मदत करू?

"नको. कशाला हात लावू नका," ते म्हणाले. मग ब्रश रॉकेलमध्ये बुडवत, "डबा धरा फक्त."

डबा धरला. रॉकेल, ग्रीस, शेळी. शी.